दोर धरायला लागणारा वेळ

चार महिन्यांत नऊ नवे गेम आले. पाच शेवटापर्यंत खेळून झाले, तीन अर्ध्यावर सोडले आणि नववा आदल्या दिवशीच सुरू केला होता. पहिल्या आठांवर बारकीने लिहिलं होतं आणि आठांपैकी सात लेखांत ‘जड’ हा शब्द होता. छपरांवरून चिठ्ठ्या पोचवणारा कोल्हा जड होता. तलवारबाजी करणारी राजकन्या जड होती. पाणबुडीचा गेम थोडा जड असायलाच हवा, पण तोही हवा त्याहून जड होता. पत्त्यांचा एक गेम मात्र त्यातून सुटला. त्यात आगबोटीवरच्या प्रवाशांशी पत्ते खेळायचे, हवा तेवढा वेळ घ्यायचा, घाई कुणालाच नाही. त्याला तिने ‘शांत’ म्हटलं होतं.

बारकी हे घरातलं नाव. भावंडांत धाकटी म्हणून बारकी, आणि सव्विसाव्या वर्षीही बारकीच. दिवसा ती एका प्रयोगशाळेत तापमापक तपासायची. कारखान्यांतून, दवाखान्यांतून, शीतगृहांतून तापमापक यायचे. ते आपल्या खात्रीच्या तापमापकाशेजारी एकाच पाण्यात बुडवायचे, दोघांचे आकडे बघायचे आणि पाहुणा किती खोटं बोलतोय ते चिठ्ठीवर लिहून त्याला परत पाठवायचं. संध्याकाळी ती एका छोट्या वेबसाइटसाठी नव्या गेमांवर लिहायची. बातमी नाही, दहापैकी गुण नाहीत, खेळताना कसं वाटलं तेवढंच.

एके काळी नवा गेम यायचा असला की तिला जेवण गोड लागायचं नाही. आता नवा गेम म्हणजे नवी कामगिरी. आधी चार कंपन्यांची चार बोधचिन्हं बघायची. मग न वाचता तीन ठिकाणी ‘मान्य आहे’ म्हणायचं. मग पडद्यावर एक अंधुक खूण यायची आणि ती दिसेल-न दिसेल इतका उजेड करा, असं सांगितलं जायचं. मग कुणाचं तरी गाव जळायचं, कुणीतरी म्हातारा मरता मरता हातात काहीतरी द्यायचा आणि उडी कशी मारायची ते शिकवायचा. बारकी उडी मारायची. उडी उशिरा लागायची. तिच्या मनात यायचं, हल्ली बनवणाऱ्यांनाच कंटाळा आलाय, आणि तो आता बटणांपर्यंत पोचलाय.

हे वाक्य तिने एका लेखात लिहिलंही. वाचकांना ते फार आवडलं. थकलेल्या माणसाला दुसऱ्या थकलेल्या माणसाची साक्ष आवडते, तसं झालं. एकदोघांनी खाली लिहिलं होतं, ‘माझ्याकडे तर लोण्यासारखा चालतो.’ असे लोक सगळीकडे असतातच, असं म्हणून ती पुढे गेली होती.

नवव्या गेमचं नाव ‘दोर’. दोन गिर्यारोहक, एक कडा आणि दोघांच्या कमरांना बांधलेला एकच दोर. एकाने चढायचं, दुसऱ्याने खाली पाय रोवून उभं राहायचं. चढणाऱ्याचा पाय सटकला की दगड खडखडतो, पडद्याच्या कडा लाल होतात, आणि त्या क्षणी खालच्याने बटण दाबून दोर आवळायचा. उशीर झाला की दोघेही खाली. अगदी तळाला.

हा गेम एकट्याने खेळता येत होता, पण तो दोघांसाठी बनवलेला, आणि दोघांचे गेम बारकी दादाबरोबरच खेळायची, बाकीचेही दोघे आळीपाळीने खेळून बघायचे. दादा तिच्याहून पंधरा वर्षांनी मोठा. तिला हातात कंट्रोलर धरायला त्याने शिकवलं होतं. ‘अंगठा दाबून धरायचा नाही, ठेवायचा,’ हे त्याचं वाक्य. तो बांधकामावरच्या उंच क्रेनचा चालक होता. सतरा वर्षं तो रोज सकाळी शिडीने वर चढून काचेच्या खोलीत बसायचा आणि लोखंडी सळ्यांचे भारे एका जागेवरून दुसऱ्या जागी अलगद नेऊन ठेवायचा.

शुक्रवारी संध्याकाळी दोघे बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर बसले. वहिनी मागे पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होती.

‘धर!’ बारकी ओरडली.

‘धरला!’

‘कुठे धरलास?’

‘अगं, दाबलं ना मी!’

पडद्यावरचे दोघे गिर्यारोहक एकमेकांभोवती गिरक्या घेत तळाला गेले.

‘चल, आता तू चढ, मी धरते,’ ती म्हणाली. जागा बदलल्या. दादा चढला, एका बाहेर आलेल्या दगडाशी त्याचा पाय सटकला, बारकीने बटण दाबलं, दोघे तळाला. दिवसभरात बरेच तापमापक बुडवले होते, डोळे चुरचुरत होते. थकलेय, असं तिने मनाशी म्हटलं आणि पुन्हा जागा बदलली.

‘किती वेळा पडाल रे?’ वहिनी म्हणाली. ‘मला इथे बसून चक्कर यायला लागली. त्या बिचाऱ्यांना घरी तरी जाऊ द्या.’

‘त्यांना घर नाहीये, वहिनी. गोष्टच तशी आहे.’

‘मग चहा तरी पाजा.’

त्याच दगडाशी ते आणखी चारदा पडले. प्रत्येक वेळी दादा म्हणत होता, दाबलं मी. शेवटच्या वेळी मात्र त्याने कंट्रोलर टेबलावर पालथा ठेवला आणि हात मांड्यांवर.

‘सोमवारी साहेबांना सांगतोय,’ तो म्हणाला. ‘मी खाली येतो.’

वहिनीच्या हातातली चादर अर्ध्या घडीवर थांबली.

‘कुठून खाली?’ बारकीने विचारलं, तरी तिला कळलं होतं.

‘कड्यावरून नाही, क्रेनवरून. ऑफिसात एक जागा आहे. कुठला माल कधी वर जायचा ते ठरवायचं, खुर्चीत बसून. साहेब कधीचे मागे लागलेत. मीच टाळत होतो.’

‘मग आता काय झालं?’

‘पुढच्या आठवड्यात हाताची चाचणी आहे. चाळिशीनंतर दर वर्षी असते. दिवा लागला की बटण दाबायचं, असं वीस वेळा. सरासरी तीनशे मिलिसेकंदांच्या आत यायला लागते. गेल्या वर्षी दोनशे एकाहत्तर आली होती माझी.’ तो पडद्याकडे बघत होता. तिथे ‘पुन्हा प्रयत्न करा’ असं लिहून आलं होतं. ‘चार महिने बघतोय मी. कोल्ह्याच्या वेळी म्हटलं, गेम वाईट असेल. तूही तसंच लिहिलंस. मग ती राजकन्या, मग पाणबुडी. सगळेच गेम वाईट कसे असतील? जड मी झालोय, बारके. तू माझ्याकडे बघून गेमला नावं ठेवतेस.’

‘काहीही काय बोलतोस?’

‘ज्याला खोटा दोर वेळेवर धरता येत नाही, त्याने माणसांच्या डोक्यावरून खरं लोखंड न्यायचं? चाचणीत नापास झालो तर सगळी साइट बघणार. त्यापेक्षा आपल्या पायांनी उतरलेलं बरं.’

‘अहो, एवढ्यावरून?’ वहिनी म्हणाली. ‘खेळात पडलात म्हणून?’

‘खेळात पडलो म्हणून नाही. उशिरा दाबलं म्हणून.’

बारकीला ‘मीही उशिराच दाबतेय’ असं म्हणायचं होतं. पण मग तो म्हणाला असता, तू माझं मन राखायला म्हणतेस. आणि खरं सांगायचं तर आपण थकलेले आहोत, असंच तिला वाटत होतं. ते वाक्य गिळून तिने गेम बंद केला.

शनिवारी तिला सुट्टी होती, दादाला अर्धा दिवस काम होतं. सकाळी वेबसाइटच्या संपादकाचा फोन आला. हा माणूस एरवी भला, फक्त त्याला फोनवर हळू बोलता येत नसे.

‘‘दोर’चं काय झालं?’

‘संध्याकाळपर्यंत देते.’

‘जड आहे का?’

‘आहे.’

‘बघ, मी ओळखलं! अगं, जड हे आता आपल्या साइटचं पालुपद झालंय. लोक वाट बघतात. परवा एकाने विचारलं, ताईंना हलकं काही आवडतं का? म्हटलं, त्यांना पगार पण जडच आवडतो, मला देता येत नाही.’ तो स्वतःच हसला. ‘चित्रं पाठव पाचसहा. त्या दगडाजवळचं एक हवं, सगळे म्हणतात तिथे फार सुंदर सूर्योदय आहे.’

‘कुठल्या दगडाजवळ?’

‘तो बाहेर आलेला. त्याच्यावर चढलं की दिसतो म्हणे. तू बघितला असशीलच.’

तिने बघितला नव्हता. त्या दगडाच्या वर ती अजून गेलीच नव्हती.

बाहेरच्या खोलीत वहिनीची मालिका चालू होती. वहिनी आठवडाभर दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसून लोकांची वयं आणि पत्ते लिहून घ्यायची, आणि शनिवारी सकाळी आठवड्याचे सगळे भाग एका बैठकीत बघायची. त्या वेळी टीव्हीला हात लावायची कुणाची छाती नव्हती. म्हणून बारकीने गेमचं यंत्र उचललं, वायरी काखेत घेतल्या आणि आपल्या खोलीत नेलं. तिच्या टेबलावर कॉलेजच्या दिवसांतला छोटा मॉनिटर होता. त्याच्या एका कोपऱ्यात पिवळट डाग पडला होता. तो यंत्राला जोडून तिने गेम लावला. दादा नव्हता, म्हणून जोडीदार म्हणून यंत्रालाच घेतलं. यंत्र चढणार, ती दोर धरणार.

यंत्राचा गिर्यारोहक बाहेर आलेल्या दगडाशी पोचला. त्याचा पाय सटकला, खडखड झाली, कडा लाल झाल्या. तिने बटण दाबलं. दोर ताणला गेला आणि माणूस लोंबकळत राहिला. थोड्या वेळाने तो पुन्हा दगडाला भिडला आणि वर चढला. वर खरंच सूर्योदय होता.

तिने त्याचं चित्र घेतलं. मग मागे जाऊन पुन्हा तीच जागा खेळली. दोर पुन्हा धरला गेला. तिसऱ्यांदाही. एकदा झालं तर योगायोग म्हणायची तिची तयारी होती, म्हणून तिने दहा वेळा केलं. दहाच्या दहा वेळा तो माणूस वाचला.

बारकी खुर्चीत मागे टेकून बसली. यंत्र जोडीदार असेल तर गेम सोपा होत असेल, असंही असू शकतं. ते कसं तपासायचं, हे तिला रोजच्या कामामुळे माहीत होतं. तोच गेम, तोच हात, तीच सकाळ, फक्त पडदा दुसरा.

ती यंत्र घेऊन बाहेर आली.

‘वहिनी, दहा मिनिटं टीव्ही देतेस?’

‘आत्ता? अगं, तो आत्ता खरं सांगणार आहे तिला!’

‘तो पुढच्या आठवड्यापर्यंत सांगणार नाही, तुलाही माहितीये.’

‘हो, पण सांगायला तोंड उघडलंय त्याने.’ वहिनीने उसासा टाकला. ‘घे. पण दहा म्हणजे दहा. तुमच्या घराण्याची दहा मिनिटं मला माहीत आहेत.’

टीव्हीवर तिने तीच जागा यंत्राबरोबर दहा वेळा खेळली. तीनदा दोर धरला, सातदा पडली. तीनपैकी दोनदा तर तिने घाबरून खडखडीच्या आधीच बटण दाबलं होतं.

वहिनी बघत होती. ‘आज तर एकटीच पडतेयस,’ ती म्हणाली.

‘वहिनी, या टीव्हीत काही बदललंय का? सेटिंग वगैरे?’

‘मी कशाला बदलू? मला आवाज कमी-जास्त करता येतो, तेवढं बस.’ मग ती थांबली. ‘तो केबलवाला आला होता ना, मागे कधीतरी. त्याने काहीतरी करून दिलं. म्हणाला, काकू, आता माणसं कशी दिसतात बघा. आणि खरंच, किती गुळगुळीत दिसायला लागली. आधी मान वळवली की हिसका बसायचा त्यांना.’

‘कधी आला होता?’

‘कोल्ह्याच्या आधी,’ वहिनी म्हणाली. या घरात आता काळ असाच मोजला जायचा.

बारकीने टीव्हीच्या मेनूत शिरून बघितलं. चित्र गुळगुळीत करायची सोय चालू होती, तीही पार शेवटच्या पायरीवर. ही सोय दोन चित्रांच्या मध्ये आपल्या मनाने तिसरं चित्र बनवून घालते. ते बनवायला पुढचं चित्र आधी हातात यावं लागतं, म्हणून टीव्ही सगळंच थोडं अडवून धरतो आणि मग दाखवतो. मालिकेत याने काही बिघडत नाही. ज्याला सत्य सांगायला आठवडा लागतो, त्याला अजून थोडा वेळ लागला तर कोण बघतंय? पण दगड खडखडतो तेव्हा माणूस आधीच सटकलेला असतो, आणि आपण दाबतो तेव्हा तो अर्ध्या वाटेवर असतो.

हे तिला माहीत होतं. गेम खेळणाऱ्या कुणालाही माहीत असतं. नवा टीव्ही घेतला की पहिलं काम म्हणजे ही सोय बंद करायची. त्यांनीही केलं होतं. एकदा केलं म्हणजे कायमचं झालं, असं धरून ती चार महिने बसली होती. गेमला नावं ठेवायची ती लेखात, स्वतःचा थकवा कुणाला सांगायची नाही, आणि दादाच्या हाताचा विचार मनात यायचा तेव्हा घाईने दुसरं काहीतरी करायची. एका गोष्टीची तिने तीन वेगवेगळी कारणं शोधली होती आणि तिन्ही शेजारी ठेवून कधी बघितली नव्हती. पत्त्यांचा गेम तेवढा शांत कसा निघाला, हेही तिने स्वतःला विचारलं नव्हतं.

तिने मोजायला घेतलं. तिच्या फोनला सेकंदाला दोनशे चाळीस चित्रं घेता यायची. फोन डब्यांच्या चळतीवर असा टेकवला की अंगठा आणि पडदा दोन्ही एकाच चौकटीत यावेत. बटण दाबायचं, पडद्यावरच्या माणसाची मूठ कधी मिटते ते बघायचं आणि मधली चित्रं एकेक सरकवून मोजायची.

‘हे काय चाललंय?’ वहिनीने विचारलं. ‘अंगठ्याचा फोटो?’

‘अंगठा आणि मूठ यांच्यात किती वेळ जातो ते बघतेय.’

‘आणि माझ्या दहा मिनिटांना किती वेळ जातो, ते कोण बघणार?’

दहा वेळांची सरासरी सदतीस चित्रं आली, म्हणजे एकशे चौपन्न मिलिसेकंद. मग तिने ती सोय बंद केली, गेम मोड लावला आणि पुन्हा दहा वेळा मोजलं. सहा चित्रं. पंचवीस मिलिसेकंद.

तिने मालिका परत लावून दिली. वहिनीने डोळे बारीक केले.

‘ईऽ, हे काय केलंस? सगळे खडबडीत झाले.’

‘आधी तसेच होते, वहिनी.’

‘असतील. पण मला सवय गेली ना.’

दुपारी तिने संपादकाला फोन केला आणि सात लेखांत घोळ झालाय हे सांगितलं.

‘म्हणजे कोल्हा जड नव्हता?’

‘माहीत नाही. परत खेळायला लागेल. सातही.’

‘परत कोण वाचणार ते? पुढच्या आठवड्यात दोन नवे येतायत. दुरुस्ती लिही छोटी, टाकतो वर. आणि बाई, जगाचे तापमापक तपासतेस ना तू?’

‘तपासते.’

‘बरं. मी काही बोललो नाही.’

सात गेम परत खेळायचे, या विचारानेच तिला अंथरुणात पडावंसं वाटलं. तेच म्हातारे पुन्हा मरणार, तीच गावं पुन्हा जळणार. पण ते नंतर. आधी दादा.

दादा चारला आला. कपाळावर हेल्मेटची लाल रेघ होती, आणि हात धुऊन बाहेर आला तरी कोपरांना सिमेंट होतं. बारकीने त्याला फोनवरची चित्रफीत दाखवली. अंगठा खाली जातो. पडद्यावर काहीच नाही. काहीच नाही. काहीच नाही. मग मूठ मिटते.

त्याने ती दोनदा बघितली.

‘म्हणजे मी दाबत होतो,’ तो म्हणाला.

‘दाबत होतास.’

‘वेळेवर.’

तिथे ‘हो’ म्हणणं सोपं होतं. बारकी म्हणाली, ‘वेळेवर की नाही, ते यात दिसत नाही. टीव्ही उशीर करत होता, एवढंच दिसतं. मीही पडत होते. काल बोलले नाही.’

ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. तो हसेल, तिला टपली मारेल, चल लाव गेम म्हणेल, असं तिला वाटलं होतं. दादा खुर्चीत बसला आणि त्याने पायमोजे काढले, एक, मग दुसरा, आणि दोन्हींचा एक गोळा केला.

‘चार महिने मी स्वतःची समजूत काढत होतो,’ तो म्हणाला. ‘कालपरवा कुठे पटली होती.’

‘अरे, पण मग चांगलंच झालं ना?’

‘बारके, तू कधी वर आलीयेस? नाही. शिडी चढायलाच अर्धा जीव जातो. वर गेलं की दिवसभर एकटा. वारा सुटला की सगळी खोली डुलते, आणि खाली माणसं वाटाण्याएवढी, आणि त्यातल्या एकाच्या डोक्यावरून मी काय नेतोय ते त्याला माहीतही नसतं. सतरा वर्षं एकदाही चुकलो नाही. हल्ली संध्याकाळी उतरलो की वाटतं, आजही नाही चुकलो. आनंद नाही होत. नुसतं, आजही नाही.’ त्याने पायमोज्यांचा गोळा टेबलावर ठेवला. ‘काल पडलो तेव्हा वाईट वाटलं, खोटं नाही सांगत. पण त्याच्याखाली जरा बरंही वाटलं. म्हटलं, मिळालं कारण.’

‘उतरायचं तर उतर ना. कारण कशाला हवं?’

‘ज्याचे हात चालतात, तो खुर्चीत जाऊन बसला तर स्वतःला काय सांगेल?’

‘दमलो, असं सांगेल,’ वहिनी म्हणाली. ‘इतकं अवघड आहे का ते?’

‘तुला सोपं वाटतं?’

‘मला वारा सुटलेला आवडत नाही. एवढंच सांगते. बाकी तुमचं तुम्ही बघा.’ ती उठून आत गेली आणि तिने चहाचं आधण ठेवलं. भांड्यांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता.

दादाने काळ्या पडद्याकडे बघितलं. मग त्याने टेबलावरचा कंट्रोलर उचलला.

‘टीव्ही तपासलास ना?’ तो म्हणाला. ‘आता मला तपास.’

‘‘दोर’ लावू? आता धरता येईल.’

‘नको. गेम नको. ते कंपनीत करतात तसं. दिवा आणि बटण, वीस वेळा.’

‘आत्ताच कामावरून आलायस. थकलेला असशील. उद्या सकाळी करू.’

‘कंपनीतही पाळी संपल्यावरच घेतात. थकलेल्याचाच हात बघायचा असतो त्यांना.’ त्याने बाह्या वर केल्या. ‘तीनशेच्या आत आलं तर मी वरच राहतो आणि तक्रार करत नाही. बाहेर गेलं तर सोमवारी सांगतो. कुणी काही बोलायचं नाही. तूही नाही, तुझी वहिनीही नाही.’

‘आणि तुला काय हवंय?’

‘तू मोज गं.’

तिने लॅपटॉपवर दोनचार ओळी लिहिल्या. पडदा काळा राहायचा आणि कधीतरी, आधी कळणार नाही अशा वेळी, पांढरा व्हायचा. पडदा पांढरा झाल्यापासून बटण दाबेपर्यंतची चित्रं फोनवर मोजायची होती, म्हणजे मध्ये कुठल्याही पडद्याची लबाडी येणार नव्हती. बहात्तर चित्रं म्हणजे बरोबर तीनशे मिलिसेकंद. तिने डब्यांची चळत सरळ केली. वहिनीने चहा आणून बाजूला ठेवला आणि ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

दादा खुर्चीच्या कडेवर पुढे सरकून बसला, क्रेनच्या खोलीत बसत असेल तसा. अंगठा त्याने बटणावर दाबला नाही, ठेवला. पडदा पांढरा झाला. त्याने दाबलं. पुन्हा काळा. सहाव्या वेळेनंतर त्याने अंगठा पँटला पुसला. बाराव्या वेळी बाहेर कुणाच्या तरी गाडीचा भोंगा वाजला, तेव्हा त्याने विचारलं, ही धरायची का, आणि बारकी म्हणाली, सगळ्याच धरायच्या.

वीस झाल्यावर त्याने कंट्रोलर खाली ठेवला, गार झालेला चहा घेतला आणि तो तिच्याकडे न बघता पीत बसला. बारकी फोन डोळ्यांजवळ धरून एकेक चित्र पुढे सरकवू लागली. पांढरं झालं, इथून एक. अंगठा दबला, इथे थांब. पुन्हा मागे, पुन्हा मोज, दोन्ही आकडे जुळले की पुढची वेळ. वहिनी एकदा आत जाऊन गॅस बंद करून आली. खिडकीतलं ऊन टेबलावरून जमिनीवर उतरलं. दादाने एकदा ‘किती राहिलं?’ असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता पायमोजे उचलून धुवायच्या कपड्यांत टाकायला गेला. तो परत आला तेव्हा तिची बेरीज झाली होती. त्याने मान हलवली, म्हणजे सांग.

तिने वाचून दाखवलं.

‘वीस वेळांची सरासरी, दोनशे त्र्याण्णव मिलिसेकंद. वीसपैकी सात वेळा तीनशेच्या वर.’